वर्षभराच्या सायकलिंगला नेमके किती कपडे लागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सायकल वर्षभर चालवायची आहे. उन्हाळ्यात पारा ३८ पर्यंत चढतो, थंडीतल्या पहाटे ५ पर्यंत उतरतो, अधूनमधून पाऊस गाठतोच. कपाटात सायकलच्या कपड्यांसाठी खण मात्र एकच आहे. उन्हाळ्याचा, पावसाचा आणि थंडीचा असे तीन सेट त्यात बसवायचे कसे?

तीन सेट बसवायचेच नाहीत. ऋतूप्रमाणे सेट करायला गेलात की प्रत्येक सेटमधले निम्मे कपडे वर्षातले आठ-नऊ महिने नुसते पडून राहतात, आणि जे रोज लागतं ते नेमकं धुवायला टाकलेलं असतं. मी लांब पल्ल्याच्या राइड करतो आणि नव्याने सायकल घेतलेल्यांना कपडे निवडायला मदत करतो. कॅलेंडरकडे न बघता मी त्यांना दोनच गोष्टी विचारतो. आठवड्यात किती वेळा चालवता आणि धुतलेले कपडे वाळायला किती वेळ लागतो? यावरून नग किती ते ठरतं. दुसरं, तुमच्या एकाच राइडमध्ये सगळ्यात गार वाटण्याचा क्षण आणि सगळ्यात उकडण्याचा क्षण यांत केवढा फरक असतो? यावरून प्रकार ठरतात.

हा दुसरा प्रश्न बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही, म्हणून तो जरा उलगडतो. शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातला जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचतो, बाकीची सगळी उष्णता होते. पेडलवर १५० वॉट लावत चढ चढत असाल तर अंगात साधारण ५०० वॉट उष्णता तयार होत असते. एवढ्यावर एक छोटा हीटर चालतो. माथ्यावर पोचलात, उतार लागला, पाय थांबले की ही उष्णता एकदम घटते आणि ताशी ४०-५० किलोमीटरचा वारा घामाने भिजलेल्या छातीवर आदळायला लागतो. हवा ५ अंशांची असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा, तर कोरड्या अंगालाही शून्याच्या आसपास वाटतं. शिवाय उंचीचा हिशेब वेगळाच, हजार मीटर वर गेलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी खाली येतं. म्हणजे दोन महिन्यांत हवामान जेवढं बदलत नाही तेवढं तुमच्यापुरतं ते अर्ध्या तासात बदलतं. जाड आणि उबदार एकच कपडा घातलात तर चढावर घामाघूम व्हाल आणि उतारावर त्याच घामाने कुडकुडाल. पटकन चढवता-उतरवता येतील आणि खिशात मावतील असे पातळ कपडेच इथे कामाला येतात.

आता परिस्थितीप्रमाणे काय बदलतं ते आधीच सांगतो. रोजचं येणं-जाणं पाच-सहा किलोमीटरचंच असेल तर खाली लिहिलेल्यातलं निम्मंही लागणार नाही. अंगावरचे नेहमीचे कपडे, एक रेनजॅकेट आणि मडगार्ड, विषय संपला. उलट तुमच्याकडे पारा आठवडेच्या आठवडे शून्याखाली राहत असेल तर पायांसाठी वेगळा जाड कपडा घ्यावा लागेल, तिथे जोडजुळवणी पुरत नाही. बाकी बहुतेकांना, म्हणजे आठवड्यात तीन-चार राइड आणि त्यातली एखादी लांबची, पुढचा हिशेब लागू पडतो.

सुरुवात शॉर्ट्सपासून. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. पॅड असलेल्या बिब शॉर्ट्स दोन हव्यात, त्याही शक्यतो एकाच बनावटीच्या. बिब म्हणजे खांद्यावरून पट्टे येणाऱ्या. कमरेला इलॅस्टिक नसल्यामुळे वाकून बसल्यावर पोट आवळलं जात नाही, आणि मागे जर्सी वर सरकली तरी कंबर उघडी पडत नाही. थंडीत या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व चांगलंच कळतं. स्त्रियांसाठी पॅडचा आकार वेगळा असतो, तोच घ्यावा. बिब घातल्यावर स्वच्छतागृहात अडचण होते हेही खरं. मागून खाली ओढता येणाऱ्या किंवा क्लिप सुटणाऱ्या बिब मिळतात, नाहीतर रुंद पट्टा असलेली कमरेची शॉर्ट्स घ्या. अमुकच घ्या असा माझा आग्रह नाही.

दुकानात लोक बिब घालून आरशासमोर ताठ उभे राहतात आणि म्हणतात, खांद्याला ओढतेय, एक साइझ मोठी द्या. ती ओढायलाच हवी. ती सायकलवर वाकलेल्या अंगासाठी शिवलेली असते. खुर्चीच्या कडेवर बसा, हात हँडलवर असल्यासारखे पुढे टाका आणि मग बघा. पॅड अंगाला चिकटून आहे का, मांडीच्या आत कापडाची चुणी पडतेय का? पॅड अंगापासून सुटून लोंबत असेल तर साइझ मोठी आहे, आणि तो सुटलेला भागच दोन तासांनी कातडी सोलतो. पॅड जितकं जाड तितकं आरामदायी, हा गैरसमज आहे. बसण्याच्या दोन हाडांखाली घट्ट फोम हवा, बाकी ठिकाणी पातळ. मऊ गादीसारखं पॅड पहिल्या तासाला छान वाटतं, नंतर चेपून सपाट होतं. आतमध्ये अंतर्वस्त्र घालायचं नाही. त्याची शिवण आणि घाम धरणारं कापड मध्ये आलं की पॅडचा सगळा उपयोग संपला. आणि सॅडलच रुंदीला चुकीची असेल तर कुठलंही पॅड तुम्हाला वाचवू शकत नाही. आधी सॅडल, मग शॉर्ट्स.

दोनच का? एक अंगावर, एक दोरीवर. वापरलेली शॉर्ट्स न धुता दुसऱ्या दिवशी घालायची नाही, मग ती कितीही कोरडी दिसो. घामात वाढलेले जंतू आणि घर्षण एकत्र आले की पुटकुळ्या येतात आणि मग आठवडाभर सायकल भिंतीला टेकून राहते. रोज चालवत असाल आणि दमट हवेत कपडे चोवीस तासांत वाळत नसतील, तर तिसरी घ्या. वाळायचा वेळ कमी करायची एक युक्ती आहे. धुतलेली शॉर्ट्स कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलची घट्ट गुंडाळी करा आणि त्यावर अनवाणी उभे राहून पाय दाबा. पॅडमधलं पाणी टॉवेल शोषून घेतो. नंतर आतली बाजू बाहेर काढून पंख्याखाली टाकली की सकाळपर्यंत पॅड वाळलेलं असतं. पिळायची मात्र नाही, पिळल्याने फोम आणि शिवण दोन्ही उसवतात.

जर्सीही दोनच, अर्ध्या बाह्यांच्या, पूर्ण चेनच्या. पूर्ण चेन अशासाठी की चढावर ती पोटापर्यंत उघडता येते. मागचे खिसे रिकामे असताना सगळ्याच जर्सी छान बसतात. दुकानात मोबाइल, पंप आणि पाकीट खिशात घालून बघा. मागचा भाग लोंबायला लागला तर ती नको. रंग फिका घ्या, पण जाळीदार अतिपातळ जर्सीतून ऊन आरपार येतं, हे ध्यानात ठेवा. लेबलवर यूपीएफ ५० असेल तर अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. कडक उन्हात हातांसाठी पातळ, फिक्या रंगाच्या सन स्लीव्ह्ज घालाव्यात. त्यांना आर्म वॉर्मर, म्हणजे थंडीत हातांवर चढवायच्या सुट्या उबदार बाह्या, समजू नका, त्यांनी ऊब मिळत नाही.

सुती टी-शर्ट चालेल का, असंही लोक विचारतात. कोरड्या, कडक उन्हात तासाभरासाठी ओलं सुती कापड गारवाच देतं, त्यामुळे कुणाला मी हटकत नाही. पण ते पाणी धरून बसतं, जड होतं, काखेत आणि छातीवर घासतं, आणि थंडीत तर अंगातली ऊब ओढून घेतं. लांब राइडला नकोच.

आता येतात ते कपडे ज्यांच्या जोरावर एकाच खणात वर्ष बसतं: आर्म वॉर्मर, नी वॉर्मर (गुडघ्यांवर चढवायच्या तशाच उबदार नळ्या) आणि बिनबाह्यांचं विंड जॅकेट. तिन्ही मिळून दोन खिशांत मावतात. माझ्या मते यातही विंड जॅकेट सगळ्यात मोलाचं. पुढून वारा अडवणारं पातळ कापड, पाठीला जाळी, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. पाठीला जाळी असलीच पाहिजे, कारण घाम पाठीवरूनच बाहेर जायचा असतो. वापरायची रीत अशी: माथा दिसायला लागला की पोचायच्या आधीच चालत्या सायकलवर खिशातून काढून चढवायचं, चेन हनुवटीपर्यंत. उतार संपून परत चढ लागला की फक्त चेन उघडायची, काढायची घाई नाही. जुन्या काळचे शर्यतपटू घाटमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत छातीशी सारत, तेही याच कामासाठी. छातीवरचा वारा अडला की निम्मी थंडी तिथेच संपते. हे जॅकेट विसरून माथ्यावर पोचलात तर आजही वर्तमानपत्र चालतं.

नी वॉर्मर लोकांना फालतू लाड वाटतात. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ना चरबी ना स्नायू, कातडीखाली लगेच वाटी आणि तिचे बंध, आणि तिथेच वारा थेट लागतो. तोच सांधा मिनिटाला ८०-९० वेळा वाकतो. पारा १५ च्या खाली असेल तर मी गुडघे झाकूनच निघतो. ऊन वर आलं की पाच मिनिटं थांबून ते खाली ओढून काढायचे, इतकंच. लेग वॉर्मर अख्खा पाय झाकतात, पण काढताना बूट काढावे लागतात. मला ते नको वाटतं.

आतून घालायचा बेस लेअर एकच घ्या, पूर्ण बाह्यांचा, पातळ मेरिनो लोकरीचा, साधारण १५० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन १५० ग्रॅम. मेरिनो आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल वाफेच्या रूपात शोषून घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. वासही लवकर धरत नाही, त्यामुळे दोन राइडनंतर धुतली तरी चालते. पॉलिस्टर लवकर वाळतं, पण पहिल्याच दिवशी वास मारतं. तुम्हाला एकच ठेवायचा आहे, म्हणून मेरिनो. मात्र कपाटात कसर लागू शकते, न वापरण्याच्या महिन्यांत बंद पिशवीत ठेवा. उन्हाळ्यात घालायचे जाळीचे बनियन काहीजण अगदी आवर्जून सांगतात. मला त्यातून फारसा फरक जाणवलेला नाही. खण एकच असेल तर त्यावर जागा घालवू नका.

खऱ्या थंडीसाठी एकच जास्तीचा कपडा: आतून लवदार, पूर्ण बाह्यांची जर्सी. तिच्या आत मेरिनो, वर विंड जॅकेट, खाली बिब आणि नी वॉर्मर, एवढ्यावर ५ अंशांपर्यंत काम भागतं.

अंशांचा माझा अंदाज असा आहे. २० च्या वर नुसती जर्सी आणि शॉर्ट्स, १५ ते २० मध्ये आर्म वॉर्मर आणि विंड जॅकेट, १० ते १५ मध्ये त्यात बेस लेअर आणि नी वॉर्मर, त्याखाली लवदार जर्सी, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि पायांची सोय. अंगाने बारीक असाल किंवा संथ चालवत असाल तर प्रत्येक आकडा दोन-तीन अंश वर सरकवा. निघताना तापमान बघायचं ते पहाटेचं, पण कपडे ठरवायचे राइडच्या मधल्या तासांप्रमाणे. दारातून बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं जराशी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर वीस मिनिटांत घामाने निथळाल.

पावसाबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथेच. पाऊस उबदार आहे की गार, हे आधी ठरवा. २० अंशांच्या वरच्या पावसात रेनजॅकेट घालून चढ चढलात तर बाहेरून नाही तरी आतून भिजणारच. अशा पावसात मी सरळ भिजतो, फार तर विंड जॅकेट घालतो. पाऊस १५ च्या खालचा असेल तर मात्र चांगलं जॅकेट हवंच, कारण ओलं अंग आणि वारा एकत्र आले की बोटं ब्रेक दाबेनाशी होतात.

चांगलं जॅकेट म्हणजे पाणी अडवणारं पण वाफ जाऊ देणारं पातळ पटल आणि आतून टेप मारलेल्या शिवणी. असं पटल बनवण्याची रीत बॉब गोर यांनी १९६९ मध्ये शोधली, गोअर-टेक्स ते हेच. लेबलवर १०,००० मिलिमीटरचा जलरोधक आकडा असेल तर सायकलसाठी पुरेसा समजा. मात्र सगळा खेळ असतो बाहेरच्या कापडावरच्या पाणी झटकणाऱ्या लेपाचा. नव्या जॅकेटवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. लेप गेला की बाहेरचं कापड भिजून अंगाला चिकटतं, वाफेची वाट बंद होते, आणि आतल्या घामाला लोक "जॅकेट गळतंय" म्हणतात. जॅकेट टाकून देऊ नका. सौम्य द्रव साबणाने धुवा, नीट खळबळा, लेबल परवानगी देत असेल तर मंद आचेवर वर कापड ठेवून इस्त्री फिरवा. उष्णतेने लेप बऱ्याचदा परत जागा होतो. नाहीच झाला तर तो नव्याने लावायचा फवारा मिळतो.

आणि पावसात सगळ्यात मोठं काम करतं ते मडगार्ड. वरून पडणारं पाणी निदान स्वच्छ असतं. मागच्या चाकाने पॅडवर उडवलेलं चिखलाचं पाणी दोन तास घासत राहतं, त्यापुढे कुठलंही जॅकेट हतबल आहे. रेन पँट रोजच्या कामावर जायला ठीक, लांब राइडला नको, गुडघ्याशी फडफडते आणि आत घाम साचतो.

हात, पाय, डोकं यांना खणात जागा फार लागत नाही. हातमोजे दोन जोड, अर्ध्या बोटांचे आणि पूर्ण बोटांचे वारा अडवणारे. मोजे तीन जोड, त्यातला एक लोकरीचा. बोटं गार पडतात म्हणून दोन-दोन मोजे घालून बूट घट्ट केलात तर रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. त्याऐवजी बुटाच्या टोकावर चढवायचे टो कव्हर घ्या, कारण वारा तिथल्याच जाळीतून आत शिरतो. हेल्मेटखाली घालायची पातळ सायकलिंग कॅप तिन्ही ऋतूंत चालते, उन्हात घाम टिपते आणि पावसात तिची झापड चष्म्यावरचं पाणी अडवते. गळ्यात नळीसारखा बफ असला की तो कानांवरही येतो.

दिसण्याबद्दल एवढंच. झगझगीत पिवळा-हिरवा रंग उठून दिसतो तो उजेडातल्या अतिनील किरणांमुळे. रात्री तो विझतो, तेव्हा काम करतात त्या गाडीचा दिवा परत फेकणाऱ्या पट्ट्या. त्या पाठीपेक्षा घोट्यांवर असल्या तर जास्त बऱ्या, कारण वरखाली होणारे दोन ठिपके पाहिले की चालकाला सायकलस्वार आहे हे पटकन कळतं.

म्हणजे खणात येतात ते: बिब दोन, जर्सी दोन आणि लवदार एक, बेस लेअर एक, आर्म आणि नी वॉर्मर, विंड जॅकेट, रेनजॅकेट, सन स्लीव्ह्ज, आणि एका छोट्या पिशवीत हातमोजे, मोजे, कॅप, बफ, टो कव्हर. हा हिशेब मी ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या लांब पल्ल्याच्या, राइडवरून शिकलो. ६०० किलोमीटर ४० तासांत संपवायचे, त्यात दुपारचं ऊनही येतं आणि पहाटेची थंडीही, आणि कपाट बरोबर नेता येत नाही. अंगावर आणि पिशवीत मिळून जे पुरतं तेच घरीही वर्षभर पुरतं, फक्त धुण्यासाठी एकेक नग जास्त.

सगळं एकदम घेऊ नका. आधी एक चांगली बिब आणि विंड जॅकेट घ्या, घरातल्या पॉलिस्टर टी-शर्टवर महिनाभर चालवा. मग दुसरी बिब आणि जर्सी. आर्म-नी वॉर्मर पहिल्या गार पहाटेच्या आधी, रेनजॅकेट सगळ्यात शेवटी, कारण तोवर आपण पावसात खरंच बाहेर पडतो का हे तुम्हाला कळलेलं असेल.

धुण्याचे नियम थोडेच आहेत: ३० अंशांपर्यंतचं पाणी, उलटे करून, चेन लावून, सावलीत वाळत. कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसला की कापड घाम ओढायचं थांबतं. एवढं सांभाळलंत तरी बिबचं इलॅस्टेन, म्हणजे कापडाला ताण देणारा धागा, कधीतरी थकतंच. दर काही महिन्यांनी बिबच्या मागच्या भागात हात घाला, कापड सायकलवर ताणलं जातं तेवढं ताणा आणि खिडकीच्या उजेडात धरा. बोटं मोजता आली तर ती बिब बदला. ग्रुपमध्ये मागून येणाऱ्यांना ते कधीच दिसलेलं असतं, फक्त तुम्हाला सांगायला कुणी धजत नाही.